उरलेल्या जागेतल्या बागा

रविवारी दुपारचे चार वाजले की घरात कोणीतरी म्हणतेच, ‘चला, कुठेतरी जाऊन येऊ या.’ हे ‘कुठेतरी’ मोठे अवघड प्रकरण असते. नाटक-सिनेमाची चौघांची तिकिटे काढायची म्हटली की महिन्याचा हिशेब आठवतो. मॉलमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत हे खरे, पण तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडायला मनाचा फार निग्रह लागतो आणि बरोबरच्या मुलांकडे तो नसतो. नातेवाइकांच्या दारात न कळवता उभे राहायचे दिवस तर केव्हाच गेले. मग उरते काय? बाग. मुंबईकराच्या रविवारात बाग येते ती सहसा अशी, बाकी सगळे वजा जाऊन उरलेली. आणि गंमत म्हणजे मुंबईतल्या बहुतेक बागा जन्मालाही तशाच आल्या आहेत. दुसऱ्या कशासाठी तरी घेतलेल्या, वापरलेल्या, टाकलेल्या किंवा झाकलेल्या जमिनीवर!

मलबार हिलवरची हँगिंग गार्डन घ्या. ‘हँगिंग’ म्हणजे लटकती. पण लहानपणी तिथे पहिल्यांदा गेलेले प्रत्येक मूल ‘बाग लटकते कुठे?’ असे विचारते आणि मोठ्यांना उत्तर देता येत नाही. उत्तर पायाखाली आहे. दक्षिण मुंबईच्या नळांना पाणी पुरवणारा मोठा जलाशय या टेकडीवर आहे आणि त्याच्या छपरावर ही बाग १८८० नंतरच्या दशकाच्या आरंभी मांडली. पुढे १९२१ मध्ये ती नव्याने आखली गेली आणि तिला सर फिरोजशहा मेहतांचे नाव मिळाले. छपरावर माती बेताचीच. म्हणून मधल्या भागात डेरेदार वृक्ष नाहीत. फुलांचे वाफे, हिरवळ आणि कातरून हत्ती-घोडे केलेली झुडपे. त्या हिरव्या जनावरांभोवती फोटो काढून घेणाऱ्या किती कुटुंबांना आपण पाण्यावर उभे आहोत याची कल्पना असते, कोण जाणे. रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क. ते १९५२ चे. तिथला ‘म्हातारीचा बूट’ एका इंग्रजी बालगीतातून आला आणि मराठी मुलांनी तो इतका आपला करून टाकला, की ती म्हातारी गिरगावातलीच असावी असे वाटते.

फोर्टातली मैदाने तर सरळसरळ तोफांची देणगी आहेत. कंपनी सरकारच्या किल्ल्याच्या तटावरून मारा करताना मध्ये घरे-झाडे यायला नकोत, म्हणून तटाबाहेरचा मोठा पट्टा मोकळा राखलेला होता. १८६० नंतर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, तोफा गेल्या, पट्टा मात्र पुरता बुजला नाही. कूपरेज, ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान हे त्या पट्ट्याचे आजचे तुकडे. शत्रू दिसावा म्हणून मोकळी ठेवलेली जागा. तिथे आज एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे सामने चालतात आणि एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाशी गप्पा मारताना दिसतो. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर हॉर्निमन सर्कल. तिथे पूर्वी कापसाच्या गासड्यांचा बाजार भरे. गासड्या कुलाब्याला गेल्या, जागेचा उकिरडा झाला आणि मग १८७२ मध्ये गोलाकार इमारतींच्या मधोमध ही टुमदार बाग पुरी झाली. आधी तिला एका गव्हर्नराचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर ते जाऊन ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे आले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला वाचा फोडणाऱ्या या इंग्रज माणसाला त्याच्याच सरकारने १९१९ मध्ये हिंदुस्थानाबाहेर घालवले होते. एका बागेतल्या गोळीबाराबद्दल बोलला, त्याचे नाव दुसऱ्या बागेला मिळाले.

पण मुंबईची बाग म्हटली की पहिल्यांदा ओठावर येते ती राणीची बाग. कोकणातून, घाटावरून पाहुणे आले की त्यांना राणीचा बाग दाखवणे हा गिरणगावातल्या घरांचा पाहुणचारच होता. भाकरी, चटणी, बटाट्याची कोरडी भाजी फडक्यात बांधायची, भायखळ्यापर्यंत चालत जायचे, वाघापुढे अर्धा तास, माकडांपुढे एक तास आणि पाणघोडा पाण्याबाहेर तोंड कधी काढतो याची वाट पाहण्यात उरलेला दिवस. बागेचे नाव केव्हाच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले आहे. बसच्या वाहकाला मात्र अजून ‘राणीबाग’ म्हटले तरच पटकन कळते.

या बागेचीही मूळ जागा ही नव्हे. शेतकी आणि बागकामाची हौस असलेल्या मंडळींनी १८३५ च्या सुमारास एक संस्था काढली आणि शिवडीला झाडे लावली. पुढे ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि झाडांची हौस भायखळ्याच्या बाजूला सरकली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ही बाग लोकांसाठी खुली झाली. संस्थेला ती फार काळ पेलली नाही. दहा-अकरा वर्षांत ती महापालिकेच्या पदरात पडली आणि तेव्हापासून आजतागायत पालिकेकडेच आहे. प्राणी नंतर आले. मुळात ही झाडांची बाग, आणि जाणकार आजही तिथे झाडांसाठीच जातात. पोट सुटलेल्या पहिलवानासारखी उभी असलेली आफ्रिकेची गोरखचिंच, खोडालाच फुले-फळे लगडणारा कैलासपती आणि नशीब असेल तर फुलावर आलेली उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेला हा वृक्ष फुलतो तेव्हा लाल फुलांचे झुंबर उलटे टांगल्यासारखा दिसतो. तीन हजारांवर झाडे आहेत इथे. मुलांना पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत ओढत नेताना आपण ती सगळी न बघता ओलांडतो.

राणीच्या बागेचा आणखी एक गुण असा, की शहराला नकोसे झालेले सगळे ती पोटात घेते. संग्रहालयाशेजारचा दगडी हत्ती पाहा. घारापुरी बेटावरचा हा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. काळ्या घोड्याचेही तसेच. ज्याच्यावरून त्या परिसराला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तो इथेच आणून ठेवला. फोर्टात २०१७ मध्ये घोड्याचा नवा पुतळा बसला, पण त्यावर स्वार नाही. स्वार हवा असेल तर भायखळ्याला यावे लागते. आणि शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चे, डागडुजी होऊन २००८ मध्ये असे झळाळून उठले आहे, की आतले छत पाहतानाच मान दुखावी. प्राणी पाहायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तिकडे पाय वळवावेत.

या बागेवर एक संकट येऊन गेले, त्याची हकीकत फारशी कोणी सांगत नाही. २००७ च्या सुमारास चारशे कोटींहून अधिक खर्चाचा एक आराखडा निघाला. परदेशी धर्तीचे प्राणिसंग्रहालय, नवी बांधकामे, नवे रस्ते. प्राण्यांसाठी चांगलेच म्हणायचे. पण झाडांचे काय, हा प्रश्न विचारला तो बागेत रोज फिरायला येणाऱ्या काही बायकांनी. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, अर्ज केले, खेटे घातले, बागेचा इतिहास खणून काढला. अखेर वारसा समितीनेही तो आराखडा मान्य केला नाही. कोणाचा मोर्चा नव्हता की कोणाचा बंद नव्हता. सकाळच्या फिरण्यातून ओळख झालेल्या मंडळींनी केलेले काम. मला तर वाटते, ‘आपली’ बाग कोणती, याची ओळखच मुळी ही आहे, की तिच्यातले झाड गेले तर आपल्याला कळेल का?

पुढे बदल झाले ते वेगळ्या वाटेने. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, मार्च २०१७ पासून लोकांना ते पाहता येऊ लागले आणि एकदम गर्दी उसळली. त्याच वर्षी तिकीट मोठ्यांना पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले. आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून शंभर, अशी सवलत ठेवली गेली. पेंग्विनला थंडावा लागतो, थंडाव्याला पैसा लागतो, हे समजते. पण सवलतीच्या त्या चौकटीत आजी कुठे बसत नाही. आणि गिरणगावातल्या ज्या घरांनी ही बाग शंभर वर्षे भरती ठेवली, त्या घरांत आजी असतेच. बहुधा एखादी आत्याही असते! (बुधवारी बाग बंद असते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांचा हमखास विरस होतो.)

मुंबईत बागेसाठी म्हणून जागा राखल्याची उदाहरणे अगदीच नाहीत असे नाही. पण ती राखायला प्लेग यावा लागला. १८९६ मध्ये साथ आली, कोंदट चाळींतून माणसे पटापट गेली आणि सरकारला एकाएकी हवा-उजेडाचे महत्त्व पटले. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली आणि त्या आखणीत झाडांनी भरलेले रस्ते आणि पाच बागांचा तो सुंदर पुंजका आला. आपण त्याला फाइव्ह गार्डन्स म्हणतो. शेजारची पारशी कॉलनी उभी करणारे मंचेरजी जोशी यांचे नाव तिथल्या बागांशी जोडलेले आहे. पावसाळा सरता सरता एखाद्या संध्याकाळी तिथे जावे. पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या असतात, बाकांवर पारशी आजोबा, माटुंग्याच्या तमिळ मामी, वडाळ्याचे कॉलेजकुमार आणि कोणाकडेही न बघणारी जोडपी.

जोडप्यांविषयी आपल्याकडे बोलणे अवघडच. बागेतला रखवालदार शिट्टी फुंकतो, काही बाकांना मध्येच लोखंडी हात बसवून ठेवतात, आणि सहकुटुंब आलेली माणसे मुलांना दुसऱ्या वाटेने नेतात. पण दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहतात त्या शहरात नवविवाहितांनी बोलायचे कुठे? आपल्यापैकी कित्येकांच्या आई-वडिलांचे संसारातले पहिले मोकळे बोलणे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नाही तर चौपाटीच्या वाळूत झालेले आहे. त्यांनी ते आपल्याला सांगितले नाही, एवढेच.

शिवाजी पार्कला बाग म्हणावे की मैदान, यावर दादरमध्ये वाद होऊ शकतो. दादरमध्ये कशावरही होऊ शकतो. पालिकेने ते १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले तेव्हा नाव माहीम पार्क होते. शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झाले आणि त्यासाठी पुढाकार घेतला होता नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. इथे आचार्य अत्र्यांच्या सभा गाजल्या, १९६६ चा शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला, आचरेकर सरांच्या नेट्समधून सचिन तेंडुलकर घडला, समर्थ व्यायाम मंदिरात आजही मुले मल्लखांबावर उलटी लटकतात. हे सगळे अनेकदा लिहून झाले आहे. मला सांगायचे आहे ते कट्ट्याविषयी.

मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर जाणारा हा बुटका कट्टा म्हणजे एक अखंड बाकच आहे. त्याला ना फाटक ना तिकीट. पहाटे पाचला पहिली फेरी मारणारे निवृत्त गृहस्थ, सातला शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया, भर दुपारी झाडाच्या सावलीत डबा उघडून बसलेला टॅक्सीवाला, चारला क्रिकेटचा अवजड झोळा ओढत येणारी मुले, आठनंतर जेवण उरकून आलेले सासरे आणि जावई. कट्टा कोणाला उठवत नाही. राजकीय सभांच्या गोंगाटाला कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. त्यानंतर ठरावीक दिवस सोडले तर भोंगे थांबले. अलीकडे तक्रार आहे ती लाल मातीच्या धुळीची. उन्हाळ्यात समोरच्या इमारतींच्या खिडक्या उघडता येत नाहीत, आणि ती तक्रारही खोटी नाही.

आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या मैदानाचे वेगळेच रूप दिसते. सहा डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, देशभरातून. त्यातली कितीतरी शिवाजी पार्कवर मांडवाखाली उतरतात. रात्रभरचा प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या बाया पिशवी उशाला घेऊन निजतात, पोरे पाण्याच्या टाक्यांशी रांगा लावतात आणि पुस्तकांच्या दुकानांची ओळच्या ओळ लागते. एरवी महिन्याला एक पुस्तक विकत न घेणाऱ्या शहरात इथे माणसे पोटाला चिमटा काढून ग्रंथ घेऊन परततात. दादरकरांपैकी काहीजण या दिवसांत गावाला जायचे बेत आखतात, काहीजण चहा-बिस्किटांचे टेबल मांडतात. मी मुलांना घेऊन पुस्तके पाहायला जातो. इतके मोकळे मैदान समुद्रापाशी नसते, तर ही माणसे टेकली कुठे असती?

उत्तरेकडे निघालो की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान लागते. पण ती बाग नव्हे. शंभरावर चौरस किलोमीटरचे, बिबटे आणि कान्हेरी लेणी सांभाळणारे ते अरण्य आहे. त्याचा विषय स्वतंत्रच. माझे आवडते ठिकाण त्याच्या बरेच अलीकडे, धारावीच्या अंगाला, मिठी नदीच्या काठी आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सायन-वांद्रे जोडरस्त्यावरून जाणाऱ्या निम्म्या लोकांना ते माहीत नसते. सत्तरच्या दशकापर्यंत इथे शहराचा कचरा पडे. ते बंद झाल्यावर कचऱ्यावर माती अंथरून झाडे लावायचे ठरले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी काम सुरू झाले, पहिल्या झाडांपैकी एक पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हातचे आहे, आणि १९९४ मध्ये सदतीस एकरांचे हे उद्यान लोकांसाठी उघडले. आज आत शिरले की रस्त्याचा आवाज पानांत विरतो. फुलपाखरे, सुगरणी, खंड्या. नदीच्या बाजूला खारफुटी. आपण टाकलेल्या केरावर उभे राहून हे पाहायचे. इथे झोपाळा-घसरगुंडी नाही, भेळ नाही, म्हणून मुले सुरुवातीला कुरकुरतात. मग एखादा सरडा दिसतो आणि तास निघून जातो. धारावीच्या पुनर्विकासात या उद्यानाचे काय होणार, ही धास्तीही लोकांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली. हे उद्यान त्या प्रकल्पात नाही, असे तिथे सांगण्यात आले. वांद्र्याचा जॉगर्स पार्कही असाच, समुद्राकाठच्या कचऱ्याच्या जागी १९९० मध्ये उभा राहिलेला.

तेव्हा ज्या शहरात बागेला स्वतःची जमीन नाही, तिथे बाग ही नेहमी कोणाच्या तरी डोक्यावर किंवा कोणाच्या तरी मेहेरबानीवर असते. आणि खालचा मालक कधीतरी जागा होतोच. २०२३ मध्ये मलबार हिलचा तो जलाशय जुना झाला, नव्याने बांधायला हवा, असा प्रस्ताव पुढे आला. त्यासाठी शेकडो झाडे जाणार होती आणि हँगिंग गार्डन काही वर्षे बंद राहणार होती. रहिवाशांनी हरकत घेतली, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, टाकी पाडायची की दुरुस्त करायची यावर मतभेद झाले. पाणी तर सर्वांनाच हवे. म्हणूनच हा प्रश्न ‘झाडे वाचवा’ एवढ्या घोषणेत मावत नव्हता. त्याच सुमारास वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ बांधायचा बेत गाजला आणि विरोधानंतर मागे पडला. पूर्वी कशाच्या तरी वर बाग करायचे. आता बागेच्या खाली काहीतरी करायचे दिवस आले आहेत. आणि गाड्यांच्या छपरावर किती हात माती घालणार?

मुंबईत माणशी मोकळी जागा किती, याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात; ते सव्वा चौरस मीटरच्या आसपास घुटमळतात. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर आपल्या हातातल्या या वर्तमानपत्राचे तीन मोठे कागद पुरते उघडून जमिनीवर शेजारी शेजारी अंथरा. झाले. एवढीच तुमच्या वाट्याची बाग. त्यात तुमचे चालणे, तुमच्या मुलाचा चेंडू आणि तुमच्या आईची काठी. आणि हेही सगळे उघडे असते तर! वर्षानुवर्षे पालिकेच्या कितीतरी बागा दुपारी बंद ठेवण्याची रीत होती. सकाळी फिरणारे येऊन गेले की कुलूप, आणि संध्याकाळी मुले यायच्या वेळी पुन्हा फाटक उघडायचे. म्हणजे ज्या वेळी ऊन डोक्यावर असते आणि सावलीची खरी गरज असते, त्याच वेळी बागेला कुलूप. एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरच्या कामाची वेळ होईपर्यंत थांबलेली बाई, सामान पोचवून पुढच्या हाकेची वाट पाहणारा मुलगा, मुलाखतीला दीड तास आधी येऊन पोचलेला तरुण. यांना त्या वेळी फूटपाथची कड मिळे. आता बागांच्या वेळा वाढू लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट. तरी आपल्या विभागातल्या फाटकावरची पाटी एकदा वाचून बघा. फुले तोडू नका, हिरवळीवर चालू नका, खेळू नका, खाऊ नका, झोपू नका. या सगळ्या ‘नका’मधून काय करा, ते शोधून काढावे लागते.

बागांची देखभाल कोणी करायची, हा वादही जुनाच. पालिकेला सगळ्या जमत नाहीत, म्हणून काही भूखंड संस्थांना दत्तक दिले गेले. काही संस्थांनी ते पोटच्या पोरासारखे वाढवले. ओव्हल मैदान आज हिरवे दिसते ते नव्वदच्या दशकात तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात जाऊन चिकाटीने ते राखले म्हणून. पण काही ठिकाणी दत्तक घेतलेल्या बागेवर क्लब उगवले, फाटके उभी राहिली आणि आतली हिरवळ सभासदांची झाली. जानेवारी २०१६ मध्ये दत्तक देण्याचे नवे धोरण मंजूर झाले, तेव्हा एवढी ओरड झाली की ते थांबवावे लागले आणि दिलेले भूखंड परत घ्यायला पालिकेने सुरुवात केली. विषय मिटला असे मात्र नाही. तो दर काही वर्षांनी नव्या नावाने परत येतो. माझ्या मते बाग कोण चालवतो यापेक्षा फाटकावरचा माणूस कोणाला अडवतो, हे पाहावे. साडी नेसलेल्या बाईंना आणि मळके कपडे घातलेल्या पोराला तो एकच प्रश्न विचारत असेल, तर बाग बरी चालली आहे.

आता पुन्हा मोठ्या जागा मोकळ्या होऊ घातल्या आहेत, आणि त्याही उरलेल्याच. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे दोनशेहून अधिक एकर; त्यातले १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे द्यायचे २०२४ मध्ये ठरले. घोड्यांनी सोडलेल्या जागेत माणसे यायची आहेत. आणि सागरी किनारा रस्त्यासाठी समुद्रात भराव घातला, त्यातला जो भाग रस्त्याखाली गेला नाही, तिथे बागा होतील असे सांगितले गेले. तिथला सव्वापाच किलोमीटरचा फिरण्याचा रस्ता ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला आहे. मोटारींचा वेगवान रस्ता मध्ये आडवा असल्यामुळे तिथे पोचायला पादचाऱ्यांसाठी भुयारी वाटा केल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर जिने किती आहेत, ते आधी बघून या. बरोबर पाणी न्या, डोक्याला रुमाल घ्या. समुद्र अगदी हाताशी आहे, वारा भरपूर आहे, सावली अजून नाही. झाडे लहान आहेत. आणि हा रस्ता चोवीस तास उघडा ठेवला आहे.